सोंगटीपासून सोंगापर्यंत
(नभोवाणीवरील भाषण)

भातुकली खेळला नाहीं असा माणूस आपल्यांत क्वचितच सांपडेल. परसांतल्या चिंचेखालीं तीन विटांची चूल मांडावी, कोणी आई व्हावें, कोणी पाहुणा व्हावें, कोणी आजारी पडावें आणि कोणी वैद्य होऊन यावें. आणि मग वैद्यानें दिलेला कडू पाला रोग्यानें खरोखरच चाटावा कीं नुसतें चाटल्यासारखें करावें, यावरून भांडण जुंपावें! या खेळाला पट नसतो, सोंगट्या नसतात, लिहिलेले नियम नसतात. म्हणूनच तो बहुधा रडारडींत संपतो. त्याच घराच्या माजघरांत वडील मंडळी सारीपाट किंवा बुद्धिबळें मांडून बसलेली असते. तेथें नियम पक्के. भांडण झालें तरी तें नियमाच्या आधारानें मिटतें. पण पटावरचा राजा जर म्हणूं लागला कीं, "आज माझ्या मनांत लढावयाचें नाहीं, मी समोरच्या राजाशीं तह करतों," तर खेळणाराला आपण वेड्यांत काढूं. एकीकडे सोंग आहे पण नियम नाहीं. दुसरीकडे नियम आहेत पण सोंग नाहीं.

या दोहोंची सांगड घालतां येईल काय, असा प्रश्न कोणी मुद्दाम विचारला नव्हता. तरी त्याचें उत्तर सुमारें दोनशें वर्षांच्या अवधींत, अनेक देशांतून फिरत फिरत, अखेर अमेरिकेंतील कांहीं तरुण मित्रांच्या हातीं लागलें. तें उत्तर म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ. आज त्याच्यासारखे शेंकडों खेळ निघाले आहेत, आणि आपल्याकडच्या शहरांतून शनिवारीं-रविवारीं तरुण मुलामुलींचे घोळके विचित्र आकाराचे फासे घेऊन टेबलाभोंवतीं बसलेले दिसूं लागले आहेत. त्यांचें काय चाललें आहे हें दारांतून पाहणाऱ्या वडील माणसांना कळत नाहीं. म्हणून प्रथम खेळ कसा चालतो तें सांगतों आणि मग त्याची जन्मकथा.

चार-पांच मित्र एकत्र बसतात. प्रत्येकानें एक सोंग घेतलेलें असतें: एक तलवारबहाद्दर, एक मांत्रिक, एक पुजारी, एक चोर. आपल्या पात्राचें बळ, चापल्य, बुद्धि इत्यादि गुणांचे आंकडे ज्यानें त्यानें एका कागदावर टिपलेले असतात. एक जण मात्र असें एकच सोंग घेत नाहीं; तो पंच. पडके किल्ले, भुयारें, तेथील जनावरें व माणसें हें सारें जग त्याच्या डोक्यांत आणि त्याच्या वहींत असतें. तो म्हणतो, "तुम्ही पायऱ्या उतरून खालीं आलां आहां. समोर एक बंद दार आहे आणि पलीकडून पाण्याचा आवाज येतो आहे. काय करतां?" एक म्हणतो, "मी दार फोडतों." दुसरा म्हणतो, "अरे थांब, आधीं कान लावून ऐकूं या." तिसऱ्याला आणखीच कांहीं सुचतें. ज्या कृतीचा निकाल उघड आहे तो पंच सांगून टाकतो. जेथें यश आणि अपयश दोन्ही संभवतात तेथें फासे टाकतात. फासा पडला कीं कथा पुढें सरकते. येथें कोणी कोणाला हरवावयाचें नसतें. सर्वांनीं मिळून एक हकिगत घडवावयाची आणि आपलें सोंग तींतून जिवंत बाहेर काढावयाचें, एवढेंच.

कोकणांतील व गोव्यांतील दशावतारी नाटकें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना यांत कांहीं ओळखीचें वाटेल. त्या नाटकांना परंपरेनें लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलें, पात्रें ठरलेलीं. परंतु भाषण ज्याचें त्यानें रंगभूमीवर उभें राहून तत्क्षणीं रचावयाचें. या नव्या खेळांत कथानकसुद्धां शेवटपर्यंत ठरलेलें नसतें, आणि प्रेक्षक म्हणून वेगळा कोणी नसतोच.

आतां जन्मकथा. तिचा पहिला धागा आपल्याच देशांतून निघतो. इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास भारतांत खेळला जाणारा चतुरंग इराणांत गेला, तेथून अरबांनीं उचलला आणि त्यांच्याकडून तो युरोपांत पोंचला. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या चार अंगांचें सैन्य चौसष्ट घरांत उभें करणारा हा खेळ मुळांतच युद्धाचें चित्र होता. पण तें चित्र इतकें आंखीव झालें होतें कीं त्यांत युद्धाचा मागमूस थोडाच उरला होता. अठराव्या शतकांतील जर्मन विद्वानांना ही उणीव जाणवूं लागली. ब्रुन्सविकच्या दरबारांत राजसेवेंतील मुलांना शिकविणाऱ्या हेलविग नांवाच्या शिक्षकानें १७८० सालीं बुद्धिबळाचाच पट वाढवून हजाराहून अधिक घरांचा केला आणि कोठें दलदल, कोठें टेंकडी, कोठें पाणी हें दाखविण्यासाठीं घरांना निरनिराळे रंग दिले. युद्ध घरांच्या चौकटींतून मोकळें होण्याचा तो आरंभ.

पुढची पायरी प्रशियांत घडली. ब्रेस्लाउ येथील राइस्वित्झ नांवाच्या सरकारी अधिकाऱ्यानें पटावरचीं घरेंच काढून टाकलीं आणि १८१२ सालीं राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला एक मोठें टेबल भेट दिलें. त्यावर टेंकड्या, नद्या आणि रस्ते यांचे सुटे तुकडे जोडून हवा तो मुलूख मांडतां येई. त्याचा मुलगा तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें वडिलांच्या खेळांत खऱ्या मोजणीचे नकाशे आणले, तोफा-बंदुकांच्या माऱ्याचे कोष्टक तयार केलें आणि १८२४ सालीं नियमांचें पुस्तक छापलें. प्रशियाच्या सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्यूफ्लिंग याच्यासमोर त्याचा प्रयोग झाला. आरंभीं हा वृद्ध सेनापति थंडपणें बसला होता. पण डाव रंगूं लागतांच तो उठून उभा राहिला आणि हा कांहीं खेळ नव्हे, ही तर युद्धाची शाळा आहे, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले, असें सांगतात. पलटणीपलटणींतून हा खेळ सुरू करण्याची त्यानें शिफारस केली.

या 'क्रीगस्पील'मध्यें, म्हणजे युद्धखेळांत, तीन गोष्टी अशा होत्या कीं आपल्या कथेंत त्या शेवटपर्यंत टिकल्या. पहिली गोष्ट फाशांची: युद्धांतील दैवाला त्यानें आंकड्यांत बसविलें. दुसरी गोष्ट झांकलेल्या माहितीची: शत्रूचें जें सैन्य डोंगराआड आहे तें नकाशावर दिसावयाचें नाहीं. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, पंचाची. खेळाडूंनीं सोंगट्यांना हात लावावयाचा नाहीं. आपले हुकूम पंचाला द्यावयाचे, आणि काय घडलें तें पंचानें सांगावयाचें. बुद्धिबळांत जग पटावर सर्वांच्या डोळ्यांसमोर असतें. येथें तें एका माणसाच्या मनांत गेलें.

पण मग प्रश्न आला कीं या माणसानें निकाल कशाच्या आधारें द्यावा? कोष्टकें वाढत गेलीं, हिशेब वाढत गेले, आणि दहा मिनिटांच्या चकमकीला दोन तास लागूं लागले. १८७६ सालीं व्हर्दी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन सेनाधिकाऱ्यानें सरळच सुचविलें कीं कोष्टकें आणि फासे बाजूला ठेवावे. पंच जर अनुभवी सैनिक असेल तर त्यानें आपल्या विवेकानें निकाल द्यावा. नियम मोठा कीं शहाणा माणूस मोठा, हा वाद न्यायमंदिरांत जितका जुना आहे तितकाच या खेळांतही जुना आहे. १८८० सालीं अमेरिकन सैन्यांतील टॉटन नांवाच्या अधिकाऱ्यानें 'स्ट्रॅटेगॉस' नांवाचा ग्रंथ लिहून हा जर्मन खेळ अमेरिकेंत नेला. तो ग्रंथ पुढें ग्रंथालयांच्या फळ्यांवर धूळ खात पडला.

दरम्यान युद्धखेळ छावणींतून घरांत आला होता. ज्यांच्या विज्ञानकथा आपल्याकडेही आवडीनें वाचल्या जातात त्या एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं, म्हणजे पहिलें महायुद्ध पेटण्याच्या आदल्याच वर्षीं, 'लिटल वॉर्स' हें पुस्तक प्रसिद्ध करून शिशाचे शिपाई आणि खेळण्यांतल्या तोफा घेऊन बैठकीच्या खोलींत लढाया कशा खेळाव्या याचे नियम घालून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत अशा छांदिष्टांचीं मंडळें गांवोगांवीं निघालीं. त्यांतील एक मंडळ मिनेसोटा राज्यांतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत होतें. तेथील हिंवाळा दीर्घ आणि कडाक्याचा. घराबाहेर पडणें नकोसें व्हावें असा. हीं मुलें तळघरांत जमून नेपोलियनच्या लढाया लढत.

त्यांच्यांत डेव्हिड वेझली नांवाचा पदार्थविज्ञान शिकलेला एक तरुण होता. त्याच्यापुढें दोन अडचणी होत्या. एक म्हणजे नियमांवरून होणारीं भांडणें. दुसरी अशी कीं खेळावयाला दहा-पंधरा मित्र येत आणि सेनापति लागत दोनच. बाकीच्यांनीं करावें काय? मिनेसोटा विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयांत त्याच्या हातीं टॉटनचा तो जुना ग्रंथ पडला. त्यांतून त्यानें दोन तत्त्वें उचललीं: पंचाचा शब्द अखेरचा मानावा, आणि खेळाडू जें कांहीं करूं पाहील त्याला, तें नियमांत नाहीं एवढ्याच कारणानें, नकार देऊं नये.

१९६९ च्या सुमारास वेझलीनें एक नवा प्रयोग करण्याचें ठरविलें. ब्राउनश्टाइन नांवाचें एक काल्पनिक जर्मन गांव. एका बाजूनें नेपोलियनचें सैन्य येत आहे, दुसऱ्या बाजूनें प्रशियाचें. दोन खेळाडू दोन सैन्यांचे अधिपति. उरलेल्या मित्रांना त्यानें गांवांतील माणसांचीं कामें दिलीं: एक नगराध्यक्ष, एक पेढीवाला, एक विद्यापीठाचा प्रमुख, अशीं. लढाई सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकाला बाजूच्या खोलींत बोलावून त्याचा बेत विचारावयाचा, आणि मग सर्वांनीं मिळून टेबलावर लढाई पाहावयाची, अशी त्याची योजना होती.

झालें भलतेंच. तो एकाशीं आंत बोलत असतां बाहेरच्या मंडळीनें आपसांत बोलावयास आरंभ केला. कोपऱ्याकोपऱ्यांत कारस्थानें शिजूं लागलीं. दोघे जण येऊन म्हणाले कीं आमचें द्वंद्वयुद्ध ठरलें आहे, त्याचा निकाल सांग. द्वंद्वयुद्धाचा नियम वेझलीनें लिहिलेलाच नव्हता. त्यानें तो उभ्या उभ्या बनविला. कोण कोठें आहे आणि कोणाचा कोणाशीं काय करार झाला आहे हें लक्षांत ठेवतां ठेवतां बिचाऱ्याची त्रेधा उडाली. रात्र संपली, सैन्यें गांवांत शिरलींच नाहींत. लढाई झाली नाहीं. आपला प्रयोग पार फसला, असें वाटून वेझली खिन्न झाला.

परंतु मित्र त्याला विचारूं लागले, "पुन्हां केव्हां?"

श्रोतेहो, या कथेंतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हाच आहे. शोध लागला होता, पण तो शोधकाला दिसला नव्हता. तो पाहुण्यांना दिसला. वेझलीला हवी होती ती लढाई झाली नाहीं, आणि त्याच्या मित्रांना हवें होतें तें काय याचा त्यांनाही त्या रात्रीपूर्वीं पत्ता नव्हता. मोठेपणा वेझलीचा असा कीं त्यानें आपला मूळ बेत धरून न बसतां मित्रांचें ऐकलें आणि आणखी कांहीं प्रयोग केले. त्यांपैकीं एक दक्षिणेकडच्या एका काल्पनिक, बंडानें पोखरलेल्या प्रजासत्ताकाचा होता. त्यांत डेव्ह आर्नेसन नांवाच्या तरुणाकडे एका बंडखोर विद्यार्थ्याचें सोंग आलें होतें. त्यानें आपण अमेरिकेचे गुप्त हेर आहोंत अशी थाप इतक्या बेमालूमपणें मारली कीं अखेर प्रजासत्ताकाचा खजिना विश्वासानें त्याच्याच स्वाधीन झाला आणि तो हेलिकॉप्टरमध्यें बसून निघून गेला, अशी हकिगत वेझलीनें सांगितली आहे. पटावर अशी खेळी करावयाला सोंगटी कोणती?

१९७० सालीं वेझलीला लष्करी सेवेसाठीं गांव सोडावें लागलें आणि पंचाची जागा रिकामी झाली. ती आर्नेसननें घेतली. हा इतिहासाचा विद्यार्थी. एका सुटींत त्यानें दूरदर्शनवर राक्षसांचे चित्रपट पाहिले, साहसकथा वाचल्या, आणि चौकटीच्या कागदावर भुयारांचे नकाशे काढीत बसला. १९७१ च्या वसंतांत सेंट पॉल येथील आपल्या आईबापांच्या घराच्या तळघरांत, टेबल-टेनिसच्या टेबलावर, त्यानें एक खेळण्यांतला किल्ला मांडला. त्या मुलखाचें नांव ब्लॅकमूर. सैन्यें नव्हतीं, प्रत्येकाचें एकच पात्र, आणि किल्ल्याखालीं काळोख.

आर्नेसननें घातलेली भर लहान दिसते. पण तिनें खेळाचें स्वरूपच बदललें. पूर्वींचे प्रयोग एका रात्रींत संपत. ब्लॅकमूरमध्यें आजचें पात्र पुढच्या आठवड्यांत तेंच राही. त्याला आजचा घाव आठवे, आजची लूट त्याच्या गांठीं असे, आणि अनुभवानें तें अधिक समर्थ होई. दुसरी भर अशी: आरंभीं एका फटक्यांत पात्र मरे. पण ज्याला आपण नांव दिलें, ज्याच्या तोंडून आपण बोललों, तो असा क्षणांत मेलेला मित्रांना सोसेना. आर्नेसन जहाजांच्या लढायाही खेळत असे. पोलादी जहाज एका गोळ्यानें बुडत नाहीं. तें किती मारा सोसेल याचा आंकडा ठरलेला असतो. तोच हिशेब त्यानें माणसाला लावला. आज जगभर खेळांतून जो 'प्राणांचा आंकडा' ठेवतात, त्याच्या मुळाशीं मित्रांचा हा हळवेपणा आहे.

आतां आपण तीनशें मैलांहून अधिक अंतर तोडून विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनीव्हा या तळ्याकांठच्या छोट्या गांवीं जाऊं. येथें गॅरी गायगॅक्स नांवाचा गृहस्थ राहत होता. विमा-व्यवसायांतील त्याची नोकरी १९७० सालीं सुटली होती, पांच मुलें पदरीं होतीं, आणि जोडे दुरुस्त करून तो संसाराला हातभार लावीत होता. त्याचा खरा जीव युद्धखेळांत. १९६८ सालीं गांवांतील एक सभागृह भाड्यानें घेऊन त्यानें युद्धखेळकांचें संमेलन भरविलें होतें. पुढच्याच वर्षीं तेथें त्याची आर्नेसनशीं ओळख झाली. जेफ पेरेन याच्या साहाय्यानें त्यानें मध्ययुगीन लढायांचे 'चेनमेल' नांवाचे नियम १९७१ सालीं प्रसिद्ध केले होते आणि त्यांना मांत्रिक व ड्रॅगन यांची एक पुरवणीही जोडली होती. ब्लॅकमूरमध्यें आर्नेसननें त्याच नियमांचा उपयोग करून पाहिला होता.

१९७२ च्या हिंवाळ्याच्या तोंडाशीं आर्नेसन आणि त्याचा मित्र डेव्हिड मेगॅरी हे लेक जिनीव्ह्याला आले. गायगॅक्सच्या घरीं, त्याच्या मुलाला आणि रॉब कुंट्झ इत्यादि मित्रांना घेऊन, आर्नेसननें ब्लॅकमूरचा डाव मांडला. गायगॅक्सनें जन्मभर नियम रचले होते. त्या रात्रीं तो प्रथमच नियमांच्या पलीकडून येणारा आवाज ऐकत काळोखांत चालला. डाव संपला तेव्हां त्यानें आर्नेसनकडे नियम मागितले.

नियम होते कोठें? ते आर्नेसनच्या डोक्यांत होते. त्यानें आपल्या टिपणांचीं सुमारें वीस पानें पाठविलीं. दुसऱ्याला त्यांवरून खेळ उभा करणें अवघड होतें. गायगॅक्स टंकयंत्रापुढें बसला आणि कांहीं आठवड्यांत पन्नास पानांचा पहिला खर्डा तयार झाला. त्याचा प्रयोग त्यानें आपल्या मुलांवरच केला. ग्रेहॉक नांवाच्या पडक्या किल्ल्याच्या तळघरांत त्याचा एक मुलगा आणि एक मुलगी उतरलीं, घोणींशीं लढलीं, आणि अखेर त्यांना एक मोठी पेटी सांपडली. ती उघडून पाहतात तों आंत तांब्याचीं नाणीं, आणि इतकीं जड कीं उचलून नेतां येईनात! मुलें हिरमुसलीं, पण निजावयाला गेल्यावर बापानें लगेच दुसऱ्या मजल्याचा नकाशा काढावयास घेतला. पुढें शेजारचे मित्र येऊं लागले. गायगॅक्स कागदपत्रांच्या कपाटाआड बसे, त्यामुळें खेळणारांना त्याचें तोंड दिसत नसे, केवळ आवाज ऐकूं येई, असें त्या वेळचे खेळाडू सांगतात. नभोवाणीच्या श्रोत्यांना या आवाजाचा प्रभाव वेगळा सांगावयाला नको.

फासेही नवे लागले. आपल्या सारीपाटाचा फासा लांबट आणि चार बाजूंचा. युरोपांतला सहा बाजूंचा. गायगॅक्सला शाळांना सामान पुरविणाऱ्या एका दुकानाच्या यादींत भूमितीच्या पाठासाठीं केलेले पांच घनाकृतींचे संच सांपडले: चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे. प्लेटोच्या नांवानें ओळखले जाणारे हे पांच नियमित घन अशा रीतीनें राक्षसांच्या भुयारांत उतरले.

छापावयाला पैसा नव्हता. १९७३ च्या आक्टोबरांत गायगॅक्स आणि त्याचा बालमित्र डॉन के यांनीं प्रत्येकीं हजार डॉलर घालून एक मंडळी काढली. के यानें आपला वांटा आयुर्विम्यावर कर्ज काढून उभा केला. पुढें ब्रायन ब्लूम यानें आणखी दोन हजार घातले. १९७४ च्या जानेवारींत तीन लहान पुस्तिकांची, लांकडासारख्या रंगाची एक पेटी विक्रीस निघाली. किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. त्या घरच्या मंडळीनेंच हातानें भरल्या. त्या खपावयाला जवळजवळ वर्ष लागलें. आणि हें यश पुरतें पाहण्यापूर्वींच, १९७५ च्या जानेवारींत, डॉन के हृदयविकारानें वारला. तो चाळिशीलाही पोंचला नव्हता.

त्या पुस्तिका आज वाचल्या तर कळावयाला कठीण वाटतात. पण तिसऱ्या पुस्तिकेच्या अखेरीस लेखकांनीं वाचकाला जें सांगितलें आहे त्याचा भावार्थ असा: जें येथें दिलेलें नाहीं तें तुम्हीच ठरवा, तुमच्या वतीनें कल्पना करण्याचें काम आमच्याकडे कशाला देतां? नियमांचें पुस्तक लिहिणाऱ्यानें आपल्याच पुस्तकाची सीमा अशी सांगावी, हें विरळा. वेझलीनें त्या द्वंद्वयुद्धाच्या वेळीं उभ्या उभ्या जें केलें, तेंच येथें छापून आलें होतें.

येथें कथा गोड संपावयाला हवी. पण पैसा आला आणि मित्रांत अंतर पडलें. १९७७ पासून नियमांची वाढविलेली आवृत्ति निराळ्या ग्रंथांच्या रूपानें निघूं लागली आणि तिच्यावर कर्ता म्हणून एकट्या गायगॅक्सचें नांव आलें. मंडळीचें म्हणणें कीं हा वेगळा खेळ. आर्नेसनचें म्हणणें कीं हा तोच. १९७९ सालीं तो न्यायालयांत गेला. १९८१ सालीं आपसांत तडजोड झाली आणि दोघांनाही मूळ खेळाचे सहनिर्माते मानण्यांत आलें. पुढें १९८५ सालीं मंडळीचा कारभार गायगॅक्सच्याही हातून गेला. याच दशकांत अमेरिकेंतील कांहीं पालकांनीं व धर्मसंस्थांनीं हा खेळ मुलांना जादूटोण्याकडे आणि आत्मघाताकडे नेतो असा मोठा ओरडा केला. तपास करणारांना तसा संबंध आढळला नाहीं, आणि तो ओरडा कालांतरानें विरला. गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजीं वारला. आर्नेसन ७ एप्रिल २००९ रोजीं.

हा खेळ नेमका कोणाचा? न्यायालयाला हा प्रश्न टाळतां येत नाहीं, कारण तेथें पैशाची वांटणी करावयाची असते. इतिहासाला मात्र थोडें थांबून उत्तर देतां येतें. आर्नेसन नसता तर गायगॅक्सला लिहावयाला कांहीं नव्हतें. गायगॅक्स नसता तर आर्नेसनचें ब्लॅकमूर सेंट पॉलच्या एका तळघरांत पांच-दहा मित्रांच्या स्मृतींत राहिलें असतें आणि त्यांच्याबरोबर संपलें असतें. दोघांच्याही मागें वेझली उभा आहे, आणि वेझलीच्या मागें तीं दोन नांवें ठाऊक नसलेलीं माणसें, ज्यांनीं येऊन सांगितलें कीं आमचें द्वंद्वयुद्ध ठरलें आहे. बोललेला शब्द कोणीतरी टिपून ठेवल्याशिवाय टिकत नाहीं, हें खरें. पण टिपणारानें तो आपलाच आहे असें म्हणूं नये, आणि बोलणारानें टिपणाराच्या श्रमांना कमी लेखूं नये. एवढें सांभाळलें असतें तर दोन मित्रांचीं दोन वर्षें न्यायालयाच्या पायरीवर गेलीं नसतीं. आपल्याकडे गायक आणि त्याचीं गाणीं लिहून घेणारा, कीर्तनकार आणि त्याचीं आख्यानें छापणारा, यांच्यांतही हा प्रश्न येतोच.

आपल्या घरांतील मुलें एखाद्या संध्याकाळीं असला नवा खेळ घेऊन बसलीं आणि त्यांनीं तुम्हांलाही बोलाविलें, तर संकोच न करतां बसावें. पहिल्या रात्रीं बहुधा सारें फसेल. नियम कोणाला नीट कळलेले नसतील, पंच गोंधळेल, ज्या भुयारांत जावयाचें तेथें कोणी जाणार नाहीं आणि एखादे आजोबा खाणावळवाल्याशीं बिलावरून हुज्जत घालण्यांतच तासभर घालवितील. पंचानें त्याबद्दल वाईट वाटून घेऊं नये. टेबल आवरतांना मंडळी काय म्हणते तिकडे मात्र त्यानें कान द्यावा. कोणी "पुन्हां केव्हां?" असें विचारलें, तर डाव साधला असें समजावें आणि पुढच्या आठवड्यासाठीं त्या खाणावळीचाच नकाशा काढावयास घ्यावा.